माहेर ग्रीसचं, संसार परभणीचा

तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत लेस्बोस नावाचं ग्रीक बेट आहे. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या काल्लोनीच्या मिठागरांभोवती युरोपभरचे पक्षीनिरीक्षक जमतात. सकाळी मिठागरं, दुपारी ऑलिव्हच्या बागा, दुसऱ्या दिवशी डोंगरातलं पाईनचं रान, असा आखीव कार्यक्रम असतो आणि सोबत जाणता वाटाड्या असतो. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यानं एखाद्या झुडपाच्या शेंड्याकडे बोट केलं, की सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. शेंड्यावर मान उंचावून गात असतो काळ्याभोर डोक्याचा, हळदीच्या रंगाचा, चिमणीहून थोडा थोराड पक्षी.

हाच पक्षी तीन महिन्यांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या सेलू नाहीतर मानवत तालुक्यात जोंधळ्याच्या कणसावर बसलेला असू शकतो.

मराठीत त्याला काळ्या डोक्याचा भारीट म्हणतात. वजन तीस ग्रॅमच्या आसपास. युरोपात वाढणारे पुष्कळ स्थलांतरी पक्षी थंडी लागली की दक्षिणेला आफ्रिकेकडे वळतात. भारीट मात्र पूर्वेची वाट धरतो. बाल्कन देश, ग्रीस, तुर्कस्तान, इराण इथली त्याची जवळपास सगळी जमात हिवाळ्यासाठी पश्चिम आणि मध्य भारतात उतरते. लेस्बोसपासून परभणी सरळ रेषेत मोजली तरी पाच हजार किलोमीटरांहून लांब आहे.

अशा पक्ष्यांना ‘परदेशी पाहुणे’ म्हणायची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांत तो मथळा येतोच. पण महिने मोजले तर हिशेब उलटा निघतो. भारीट ग्रीसमध्ये पोचतो एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, पिलं उडती होताच जुलै-ऑगस्टमध्ये निघतो. तिकडचा मुक्काम तीन-साडेतीन महिन्यांचा. इकडे तो सप्टेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. वर्षातले सहा-सात महिने ज्याचं पोट इथल्या मातीवर भरतं, त्याला पाहुणा कसं म्हणावं? मराठी घरात लेक बाळंतपणाला माहेरी जाते, चार महिने राहते आणि बाळ घेऊन आपल्या घरी परत येते. भारिटाचं तसंच आहे. ग्रीस हे त्याचं बाळंतपणाचं माहेर आणि संसार इथला, काळ्या रानातला.

भूमध्य समुद्राकाठचे आणि उंच डोंगरांतले पक्षी एकाच सहलीत पाहायचे असतील तर परभणी जिल्हा हे ठिकाण सहसा कुणाला सुचत नाही. इथे समुद्र नाही, बर्फ नाही. उत्तरेला जिंतूरची डोंगररांग, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटच्या टेकड्या आणि मधे गोदावरी, दुधना, पूर्णा यांनी भिजवलेली सपाट काळी जमीन. पण हिवाळ्यात हा जिल्हा फिरताना त्या दोन्ही प्रदेशांची दुसरी बाजू दिसते.

जिंतूरजवळच्या नेमगिरीला लोक गुहांमधली जैन मंदिरं पाहायला जातात. असल्या उघड्या कातळावर हिवाळ्यात निळा शैलकस्तुर हा एकटा राहणारा पक्षी उतरतो. नर दुरून काळपट वाटतो. ऊन पडलं की त्याची निळ्या शाईसारखी छटा उजळते. माल्टा या भूमध्य समुद्रातल्या छोट्या देशाचा हा राष्ट्रीय पक्षी, आणि हिमालयाच्या उतारांवरही तो घरटी करतो. समुद्रकडा असो, हिमालय असो की दख्खनचा बेसॉल्ट, त्याला उभा, कोरडा दगड लागतो. त्याचा शोध घ्यायचा तर मान वर करून कड्याच्या धारेवर नजर फिरवावी.

तिथून येलदरी जवळ आहे. पूर्णा नदीवरच्या या धरणात भरल्यावर सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. पाणी ओसरू लागलं की काठाची ओली जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर होते आणि चिखलाच्या कडेला बदकांच्या रांगा लागतात. त्यांतला चक्रवाक केशरी अंगामुळे लांबूनच ओळखू येतो. जुन्या संस्कृत काव्यात रात्रीच्या विरहासाठी प्रसिद्ध झालेली जोडी ती हीच. भारतात येणारे चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी वाढतात. याच जातीची थोडी घरटी मोरोक्कोत ॲटलास पर्वताच्या बाजूलाही सापडतात. मराठवाड्यातल्या जलाशयांवर उतरणारा पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो. पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात या हंसाची ७,२९० मीटर उंचीवरची झेप नोंदली गेली आहे. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकदंब महाराष्ट्रातही दिसले आहेत.

पण या जिल्ह्याचं खरं वैभव पाण्यावर नसून रानात आहे.

दुर्बीण गळ्यात अडकवून धुऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाला शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून हमखास विचारणा होते, “काय बघायलाव सर?” पाखरं पाहतोय म्हटलं की समोरचा माणूस चकित होतो, कारण तो पहाटेपासून त्याच पाखरांना हाकलत असतो. त्याला घडीभर बोलतं करावं. थवा दिवस उगवताच येतो, ऊन तापलं की बाभळीत जाऊन बसतो आणि चारनंतर पुन्हा उतरतो; आधी धुऱ्याकडची तासं खातो, मग आत शिरतो; हे सगळं तो पुस्तकाशिवाय सांगतो. काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारिटांच्या माद्या वेगळ्या ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं. तो दोन्हींना पिवळ्या चिमण्या म्हणून मोकळा होईल, पण कोणत्या वाणाचा दाणा त्यांना आधी लागतो ते अचूक सांगेल. लेस्बोसचा वाटाड्या जे काम पैसे घेऊन करतो, त्याची निम्मी विद्या इथे मचाणावर गोफण घेऊन बसलेली आहे.

जोंधळ्याची सगळ्यात मोठी वैरीण म्हणजे भोरडी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख; पळस फुलला की मधासाठी त्याच्यावर गर्दी करते म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. संध्याकाळी शेकडो, कधी हजारो भोरड्या एकत्र वळतात तेव्हा आभाळात काळी चादर झटकल्यासारखी दिसते. तिचं माहेर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात. तिकडे ती टोळांवर जगते, पिलंही टोळांवरच पोसते. म्हणून चीनच्या शिंज्यांग प्रांतात टोळांना आवर घालायला लोक मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. त्या ढिगांच्या फटींत भोरड्या घरटी करतात आणि कुरणं वाचतात. एकच पाखरू: तिकडे त्याच्यासाठी दगड रचतात, इकडे त्याच्यावर गोफणीतून दगड भिरकावतात. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत. हुरड्यात आलेलं रान डोळ्यांदेखत रिकामं होताना कुठल्या शेतकऱ्यानं गप्प बसावं?

याच भोरड्या, बगळे आणि कोतवाल शेतातल्या अळ्याही वेचतात. हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हा शेतात पक्षीथांबे उभारायचा, पेरतानाच हरभऱ्यात थोडी ज्वारी मिसळायचा सल्ला कृषी विभाग देतो. ज्वारीची ती तुरळक ताटं पाखरांना बसायला होतात. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झालं. ‘परभणी मोती’सारखं रब्बी ज्वारीचं वाण तिथलंच, आणि लोह-जस्त वाढवलेलं ‘परभणी शक्ती’ २०१८ मध्ये आलं. ज्या गावाचं नाव ज्वारीच्या वाणांना लागलं, तिथल्या रानात ज्वारीच आकसत चालली आहे, ही गोष्ट मनाला लागते.

खरिपात सोयाबीन, मागून हरभरा, पाणी असेल तिथे ऊस, हा क्रम आता बसून गेला आहे. ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत, राखणीला तर मुळीच नाहीत. पूर्वी मचाणावर बसणारी मुलं शाळेत आहेत, आणि तिथेच असायला हवीत. पण रानं कमी झाली तरी थवे एकदम कमी होत नाहीत. शिवारात वीस शेतं जोंधळ्याची होती तेव्हा नासाडी वीस जणांत वाटली जायची. आता एक-दोनच उरली तर सगळा थवा त्यांच्यावरच बसतो. मग तो शेवटचा शेतकरीही पुढच्या वर्षी हात जोडतो. कडबा जातो, भाकरी विकतची होते आणि भारिटाचा संसार मोडतो. ग्रीसमधली ऑलिव्हची बाग जपून तो वाचणार नाही. पाहणाऱ्यांनी आणि राखणाऱ्यांनी एकत्र बसावं लागेल, आणि राखणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी राहू देऊन चालणार नाही.

याच मुलखात पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदींची परंपराही जुनी आहे. परभणी निजामाच्या राज्यात होती त्या काळात, १९३१-३२ साली, पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी हैदराबाद संस्थानाची पक्षीपाहणी केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती क्रमशः छापून आली. सालिम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. सप्ताहात शाळेतल्या मुलांना तलावावर नेतात, ते चांगलंच आहे. त्यांना एक दिवस आखाड्यावरही न्यावं. वाटाड्या म्हणून राखणदारालाच उभं करावं आणि वाटाड्याला देतात ती रक्कम त्याच्या हातावर ठेवावी.

पुन्हा एकदा फेब्रुवारीच्या शेवटी यावं, हुरडा संपून दाणा टणक झालेला असताना. युरोपातून येताना भारीट जुनी, विटकी पिसं घालून येतो. नवी पिसं त्याला इथे आल्यावर फुटतात. हिवाळाभर नराचं काळं डोकं तपकिरी कडांखाली झाकलेलं असतं. मग त्या कडा दिवसेंदिवस झिजत जातात आणि खालचा काळा रंग वर येतो. काढणी अर्ध्यावर आलेल्या रानात, कडब्याच्या पेंढ्यांच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या शेवटच्या दोन तासांवर तो बसलेला असतो, अर्धं डोकं काळं, अर्धं अजून मातकट.