साखरेचे माप

जिभेला गोडाची ओढ उपजतच असते. सण असो, परीक्षेचा निकाल असो अथवा घरी पाहुणे येवोत, 'तोंड गोड करा' असे म्हटल्यावाचून आपला आनंद पुरा होत नाही. या ओढीत वावगे काहीच नाही. परंतु जिभेला माप कळत नाही. ते हाताला ठरवावे लागते. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकघरात जे शिक्षण घेतले, त्यातील हा पहिला धडा होय.

या शिक्षणाला कारणही तसेच घडले. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला मधुमेह असल्याचे निदान झाले. तिने पथ्य मुकाट्याने पत्करले. त्या दिवाळीत तिने नेहमीप्रमाणे सर्वांची ताटे भरली आणि स्वतः मात्र बिनसाखरेचा चहा घेऊन बाजूला बसली. "आजी, तू का नाही घेत?" असे नातीने विचारताच ती हसून म्हणाली, "माझं पोट भरलं गं!" ते भरलेले नाही, हे त्या आठ वर्षांच्या मुलीलाही उमगले. तिने हातातली नानकटाई हळूच ताटात परत ठेवली. सर्वांना एकाच ताटातून घेता येईल असा खाऊ घरात असावा, असे माझ्या मनाने त्याच दिवशी घेतले.

नानकटाई आमच्या घरची जुनी आवड. माझ्या लहानपणी दिवाळी जवळ आली की मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून आम्ही बेकरीत नेत असू. भट्टीतून तापलेले पत्रे बाहेर निघत आणि त्यांचा खमंग वास गल्लीच्या टोकापर्यंत दरवळे. आता घरातच विजेवर चालणारा लहानसा ओव्हन आहे. तेव्हा प्रयोगासाठी मी नानकटाईच निवडली.

प्रथम हिशेब मांडला. आमच्या प्रमाणात २०० ग्रॅम मैद्याला १२० ग्रॅम साखर लागे व २४ नानकटाया होत. म्हणजे एकेकीत ५ ग्रॅम, सुमारे एक लहान चमचा साखर! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतील साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. ती पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक बरे. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. आमच्या चार नानकटायांतच २० ग्रॅम संपत होते.

मग दर पंधरवड्याला मी २० ग्रॅम साखर कमी करू लागलो. पण साखर केवळ गोडीच देते असे नाही. ती तुपात फेसली म्हणजे हवा धरून ठेवते, पिठाला चिवट होऊ देत नाही, उष्णतेने वितळून नानकटाईला पसरवते आणि तिला तांबूस रंग आणते. साखर घटली तशी नानकटाई फिकट व उभट होऊ लागली. तेव्हा मी निम्म्या मैद्याच्या जागी बेसन व नाचणीचे पीठ घेतले. या पिठांना मैद्यासारखा चिवटपणा नसतो. बेसनाने खमंगपणा आला, नाचणीने रंग आला. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हा वरचा लाभ! पसरण्याचे काम तळहाताने हलके दाबून भागले. वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ यांनी उरलेली गोडी खुलवली.

"गूळ घाला, म्हणजे साखरेची भीतीच नको!" असे शेजाऱ्यांनी सुचवले. परंतु गुळातही मुख्यतः साखरच असते. नाव बदलल्याने माप बदलत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

दीड महिन्यात साखर ६० ग्रॅमवर आली. एकदम कमी केली असती, तर मुलांनी ताट दूर सारले असते; हळूहळू कमी केल्यामुळे जिभेला ती वजाबाकी जाणवलीच नाही. उलट, एके दिवशी बाजारची बिस्किटे खाताना नात म्हणाली, "आजोबा, ही फारच गोड आहेत!" त्या उद्गाराने मला एखाद्या विद्यार्थ्याने अवघड गणित सोडवावे तसा आनंद झाला.

नानकटाई साखरेने हलकी झाली तरी तीत पीठ व तूप असतेच. म्हणून डॉक्टरांना विचारून घेतले. "एक चालेल, पण ती जेवणाच्या हिशेबात धरा," असे ते म्हणाले. पुढच्या दिवाळीत पत्नीने ती एक घेतली. तिने तिचे दोन तुकडे केले, एक नातीच्या हातावर ठेवला, आणि दुसरा सावकाश, चवीचवीने खाल्ला.