आईचा ऑक्सिजन ९७ होता

आईचं हिमोग्लोबिन ७.१ वर उतरलं होतं, तेव्हा तिच्या मनगटावरचं घड्याळ ऑक्सिजन ९७ टक्के दाखवत होतं. दोन्ही आकडे बरोबर होते. त्यांचा अर्थ लावताना मी चुकले आणि त्या चुकीचा त्रास आईनं काढला. हल्ली घरोघरी मुलं आईवडिलांच्या हाताला फिटनेस बँड बांधून निर्धास्त होतात. मीही झाले होते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात हिशेब बघते. आकडे जुळले की जिवाला बरं वाटतं, असा माझा स्वभाव. त्यात करोनाची दुसरी लाट आम्ही जवळून पाहिलेली. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा ९४ च्या खाली गेला की बेड शोधायला धावायचं, एवढंच डोक्यात असायचं. तेव्हापासून ऑक्सिजनचा आकडा चांगला म्हणजे माणूस चांगला, असं समीकरण मनात पक्कं बसलं. पुढे मी स्वतःसाठी बँड घेतला आणि काही दिवसांनी आईसाठीही आणला. आई चौऱ्याहत्तरची. मी दिवसभर ऑफिसात, भाऊ पुण्यात. तिची खबर दोघांच्याही फोनवर दिसेल, हा विचार.

पहिल्यांदा तो बँड चालेचना. कधी ठोके दाखवायचा, कधी नुसत्या रेघा. मग लक्षात आलं की आईच्या डाव्या मनगटावर गोंदण आहे. या घड्याळांच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, कमी होतं, तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. गोंदणाचा रंग मध्ये आला की प्रकाश तोच गिळतो. आम्ही बँड उजव्या हाताला, बांगड्या वर सारून, जरा घट्ट बांधला. मग आकडे नीट येऊ लागले आणि मी त्यांच्यावर पूर्ण विसंबले.

दिवाळीनंतर आई म्हणायला लागली, "अगं, जिना चढताना धाप लागते. भाकरी थापताना हातातलं बळच जातं." मी फोन उघडून बघितलं आणि म्हटलं, "आई, ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे. तुझं चालणं कमी झालंय, म्हणून होतंय तसं." एवढ्यावर थांबले नाही. तिच्या बँडमध्ये रोजच्या ६००० पावलांचं लक्ष्य लावून दिलं. ती बिचारी संध्याकाळी गच्चीवर कठड्याला हात लावत फेऱ्या मारायची. एकदा कपडे काढायला वर गेले तर पाण्याच्या टाकीला टेकून, डोळे मिटून उभी होती. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, अजून आठशे राहिलीत." पावलं पुरी झाली की पुण्याहून भावाचा मेसेज यायचा, "शाबास आई!" आम्हा दोघांनाही तिची काळजी होती. पण पूर्वी फोनवर तो विचारायचा, "कशी आहेस? जेवलीस का? गुडघा काय म्हणतोय?" ते प्रश्न कधी बंद झाले, आम्हाला कळलंही नाही. सगळं फोनवर दिसतच होतं ना.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, की आईनं सांगायचंच सोडून दिलं. "मलाच उगीच वाटत असेल," असं ती एकदा शेजारच्या काकूंना म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. माझ्या आकड्यापुढे तिला स्वतःचीच धाप खोटी वाटायला लागली होती. आयुष्यभर स्वतःचं अंग ओळखून राहिलेल्या बाईचा स्वतःवरचा विश्वास मी घालवला.

गुडघ्याच्या गोळ्या संपल्या म्हणून तिला आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा खरं काय ते समजलं. चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू लालसर असायला हवी, ती पांढुरकी पडली होती. तळहात पाहिले, नखं पाहिली. मग हळू आवाजात विचारलं, "काकू, शौचाला काळं होतं का?" आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. कितीतरी आठवडे होत होतं. असलं काही मुलीला काय सांगायचं, म्हणून बोलली नव्हती.

एक जुनी चिठ्ठी दाखवून आम्ही औषधाच्या दुकानातून गुडघेदुखीच्या त्याच गोळ्या आणत राहिलो होतो. अशा वेदनाशामक गोळ्या फार दिवस घेतल्या तर पोटात व्रण पडू शकतो. तिला तो पडला होता आणि त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आईचं ७.१ होतं. दाखल करावं लागलं, दुर्बिणीची तपासणी झाली, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, गोळ्या बंद झाल्या. आता ती बरी आहे.

मग ऑक्सिजन ९७ कसा? हे मी डॉक्टरांनाच विचारलं आणि पुढे वाचूनही समजून घेतलं. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजननं भरलेलं आहे, एवढंच हे यंत्र सांगतं. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, ते सांगत नाही. डेपोतून दहाऐवजी पाचच एसट्या सुटल्या आणि पाचही गच्च भरल्या, तर गाड्या शंभर टक्के भरल्या हे खरंच, पण निम्मी माणसं स्टँडवरच राहिली. आईचं फुप्फुस ठणठणीत होतं, म्हणून टक्का चांगला होता. अंगाला मिळणारा एकूण ऑक्सिजन मात्र कितीतरी कमी झाला होता आणि तशा अवस्थेत मी तिला गच्चीवर फिरवत होते.

याहून वाईट वाटलं ते नंतर. दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्याबसल्या मी तिच्या बँडचा जुना आलेख उघडला. विश्रांतीच्या वेळचे ठोके, जे माणूस शांत बसलेला असताना मोजले जातात, ते दसऱ्याच्या सुमारास ६८ होते. तिथून चढत चढत ८६ वर गेले होते. रक्त कमी पडलं की हृदय जास्त वेळा धडधडून भरपाई करतं, त्याची ती रेघ होती. म्हणजे बँडनं सांगण्यासारखं सांगितलं होतं. रोजच्या रोज तो एक ऑक्सिजनचा आकडा बघताना महिन्यांची ही रेघ मी एकदाही उघडली नव्हती. हिशेबाच्या कामात एका दिवसाच्या शिलकेवरून वर्षाचा ताळेबंद कुणी ठरवत नाही. ऑफिसात पाळलेला हा नियम मी घरी पाळला नाही.

दवाखान्यातल्या त्या रात्रीनं माझा आणखी एक समज मोडला. मी पहाटेपर्यंत खुर्चीत टक्क जागी होते, सलाइनच्या थेंबांकडे बघत. हलले नव्हते एवढंच. सकाळी माझ्या मनगटावरच्या घड्याळानं त्यातले कितीतरी तास "हलकी झोप" म्हणून नोंदवले होते. झोपेच्या ज्या गुणांवर मी महिनोन् महिने माझा दिवस ठरवत आले होते, ते असे येत होते.

मनगटावरच्या यंत्राला मेंदूचं काही कळत नाही. झोपेची खरी तपासणी करताना डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा लावतात आणि मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवतात. घड्याळ फक्त हाताची हालचाल आणि ठोके बघून अंदाज बांधतं. आपण कधी आडवे झालो, कधी उठलो, हे त्याला बऱ्यापैकी समजतं. निपचित जागा पडलेला माणूस मात्र त्याला झोपलेलाच वाटतो. गाढ झोप इतकी मिनिटं, स्वप्नांची झोप तितकी, हे आकडे तर त्याहून कच्चे.

मी त्या कच्च्या आकड्यांना घाबरत होते. गाढ झोप कमी दिसली की लवकर आडवी व्हायचे, मग झोप यायची नाही, मग मध्यरात्री मनगट वळवून बघायचं आणि आणखी जागं राहायचं. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ मध्ये अशाच रुग्णांबद्दल लिहिलं होतं. बँडवरची झोप सुधारायच्या नादात त्यांची झोप बिघडत होती आणि प्रयोगशाळेतली तपासणी वेगळं सांगत असली तरी ते बँडवरच विश्वास ठेवत होते. त्याआधी २०१४ मध्ये कोलोरॅडोतल्या एका प्रयोगात माणसांना त्यांची झोप चांगली किंवा वाईट झाल्याचं खोटंच सांगितलं, तर ज्यांना वाईट झाली असं सांगितलं होतं, त्यांचं डोकं चाचणीत खरोखर कमी चाललं. हे वाचलं आणि माझ्या कितीतरी सकाळी आठवल्या. उठल्यावर ताजं वाटत असायचं, गुण ५८ दिसायचे आणि दुपारपर्यंत मी दमलेली असायचे.

पावलांचंही तेच. रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा कुठल्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. सरासरी बहात्तर वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक बायकांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४४०० पावलांनीही मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि साधारण ७५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही. टाच दुखत असताना रात्री हॉलमध्ये फेऱ्या मारून मी जे आकडे पुरे केले, त्याची काही गरज नव्हती. खर्च झालेल्या कॅलरी बघून जास्तीचं खाणंही मी सोडलं. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या चाचणीत सात यंत्रांपैकी सगळ्यात अचूक यंत्रसुद्धा कॅलरींच्या बाबतीत सरासरी २७ टक्के चुकत होतं.

म्हणून बँड टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. ठोके ही यंत्रं चांगले मोजतात. चार लाखांहून अधिक लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे अर्धा टक्का लोकांना घड्याळानं अनियमित ठोक्यांचा इशारा दिला. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीला ईसीजीची पट्टी लावून घेतली, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत हृदयाच्या लयीचा तो दोष खरोखर सापडला. अशा दोषातून पक्षाघात होऊ शकतो, म्हणजे वेळेवर कळणं मोलाचं. माझ्या ओळखीतली, दिवसभर खुर्चीत बसणारी कितीतरी माणसं बँडमुळे चालायला लागली, तेही खरंच. पण हृदयविकाराचा झटका ही घड्याळं ओळखत नाहीत. छातीत कळ आली आणि मनगट गप्प आहे म्हणून घरी थांबणं जिवावर बेतेल.

मी दिवसा बँड घालते, रात्री काढून ठेवते. रविवारी एकदा विश्रांतीच्या ठोक्यांची महिन्याची रेघ बघते, बाकी काही बघत नाही. आईनं तिचा बँड मला परत दिला आणि मी तो घेतला. भाऊ आता रोज रात्री तिला फोन करतो.

तुमच्या घरातलं कुणी धाप लागते, गळून जायला होतं असं म्हणत असेल, तर फोन उघडण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि हिमोग्लोबिन तपासा. ही साधी रक्ततपासणी तालुक्याच्या गावीही होते. गुडघ्याच्या, कंबरेच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर चालू असतील, तर त्या पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि शौचाचा रंग विचारायला लाजू नका. तो प्रश्न मी आईला विचारला असता, तर तिचे दोन महिने वाचले असते.