भांडखोर आणि झुंजार

इंग्रजी भाषेत ‘पग्नेशस’ असा एक शब्द आहे. त्याचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थ मूठ. क्षुल्लक कारणानेही ज्याची मूठ वळते, तो पग्नेशस. हा शब्द बहुधा दोष दाखविण्यासाठीच योजतात. मराठीत त्याला ‘भांडखोर’, ‘कलहप्रिय’ किंवा ‘युयुत्सू’ म्हणता येईल.

युयुत्सू म्हणजे लढण्याची इच्छा असलेला. हा शब्द संस्कृतातील ‘युध्’ या धातूपासून झाला. आपला ‘झुंज’ हा शब्दही प्राकृताच्या वाटेने त्याच धातूपासून आला आहे. मौज अशी, की भांडखोर म्हटलेले कोणालाच रुचत नाही. झुंजार म्हटले, की मान ताठ होते. लढण्याची वृत्ती तर दोघांतही आहे. मग भेद कशात?

मी मुख्याध्यापक असताना मारामारी करणारी मुले माझ्यापुढे उभी केली जात. मी विचारीत असे, “तू जिंकला असतास, तर दुसऱ्या कोणाचे भले झाले असते?” बहुतेकांच्या माना खाली जात. एकदा मात्र एक किरकोळ मुलगा म्हणाला, “गुरुजी, हा लहान मुलांना नळावर पाणी पिऊ देत नव्हता.” त्या उत्तरात मला तो भेद सापडला.

अडविलेल्यांसाठी दिलेली फार मोठी झुंज आमच्या नाशिकने पाहिली आहे. पंचवटीतील काळाराम मंदिरात अस्पृश्य मानलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. स्त्रिया व पुरुष त्या बंद दरवाज्यांपुढे ठाण मांडून बसले. त्या वर्षीच्या रामनवमीला दगडफेकही झाली. तरी पुढे काही वर्षे हा लढा चालूच राहिला. मागणी एकच होती : माणूस म्हणून समान हक्क. पुढे १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली.

मुलांनो, त्या सत्याग्रहींना कोणी भांडखोर म्हणेल काय? शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो; पण तो कोणाला लावावा, हे आपल्याला पारखावे लागते. राग आला म्हणजे मूठ वळते, ती कोणासाठी वळली हे आधी स्वतःला विचारा. आणि ध्यानात ठेवा, खऱ्या झुंजाराला पुष्कळदा मूठ वळावीही लागत नाही.