गरम होण्याची परवानगी

बँड म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. तिथं सूर जुळवण्याचा प्रश्नच नसतो. घोडा हलला की बँड सुरू! त्यामुळे यॉर्कशायरला लेकीकडे गेलो असताना तिकडे ब्रास बँडच्या चक्क स्पर्धा होतात आणि लोक तिकीट काढून दिवसभर ऐकतात हे कळलं तेव्हा मी सरसावून बसलो. शिवाय आमचा नातू त्यात कॉर्नेट वाजवणार होता.

परीक्षकांना म्हणे पडद्याआड, एका खोक्यासारख्या खोलीत बसवतात. कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून. (वधूपरीक्षेला ही सोय असती तर कितीतरी संसार वेगळे झाले असते. असो.) हे सगळं मला पसंत होतं. अडलं ते एकाच ठिकाणी. या स्पर्धेत स्टेजवर चढल्यावर एक सूरही आधी वाजवायचा नाही!

आता पितळेचा स्वभाव असा, की वाद्य गार असलं की सूर उतरतो आणि फुंकून तापलं की चढतो. पोरं बाहेरच्या गारठलेल्या बोळात वीस मिनिटं उभी.

"निदान एक लांब सूर तरी लावू द्या की!" मी लेकीला म्हटलं. "आपले तबलजी भर मैफलीत हातोडी घेऊन बसतात. कोणी काही बोलतं का? १९७१ साली न्यूयॉर्कला रविशंकरांनी सतार जुळवली, तर लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या!"

"बाबा, हळू. सगळ्या बँडनी अर्धा अर्धा तास जुळवलं तर आपण घरी कधी जाणार?"

मुद्दा बिनतोड होता. मैफलीत घाई नसते, स्पर्धेत असते. पण एक सूर म्हणजे काही अर्धा तास नव्हे, हे माझं मत अजून कायम आहे.

पंचवीस-सव्वीस जण स्टेजवर बसले आणि आवाज न करता वाद्यांत नुसती गरम हवा फुंकू लागले. चहाच्या बशीवर फुंकर घालावी तशी. नातवाचे गाल लालबुंद. खोक्यातून शिट्टी झाली आणि त्याचा पहिलाच सूर किंचित फाटला. पुढचं सगळं छान वाजलं, पण माझ्या कानात तो पहिलाच सूर राहिला. त्याच्याही. गाडीत तो घरापर्यंत बोलला नाही.

पुढच्या स्पर्धेला त्याच्या कॉर्नेटची तोंडाला लावायची पितळी नळी, स्टेजवर जाईपर्यंत, माझ्या कोटाच्या खिशात मुठीत होती. नियमावलीत आजोबांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.