अब्बांची कबर आणि नकाशा

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांचा जनाजा दाराबाहेर पडला, तिथवरच मी तो पाहिला. कबर कुठे आहे विचारलं की धाकटा भाऊ सांगायचा, "आपा, विहिरीच्या बाजूला, काजूच्या झाडाखाली." तेवढ्यावर मी समाधान मानीत आले.

जमातीने कब्रस्तानाला भिंत घालायचं आणि कबरींची नोंद करायचं ठरवलं. भाऊ ड्राफ्ट्समन. त्याने टोटल स्टेशन लावून मोजणी केली आणि ऑटोकॅडमध्ये नकाशा काढला. मी उर्दू शाळेत भूगोल शिकवते. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशांचं सॉफ्टवेअर मी शिकले होते. तेव्हा भावाचा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला भिंतीपेक्षा अब्बांची कबर पाहायची होती.

भावाने डीएक्सएफ फाइल दिली. या आकड्यांची निर्देशांक पद्धत कोणती, ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. रत्नागिरीकडचा आमचा भाग यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, म्हणून मी तेच नाव दिलं. कब्रस्तान जाऊन पडलं मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्ताजवळ, भर समुद्रात!

भावाने पहिल्या खुंटीला १०००, १००० असे आकडे मानून दिले होते. मोजणीवाल्यांची ही नेहमीची रीत. कागदावरच्या नकाशाला तेवढं पुरतं. पण त्या पट्ट्यात आमच्या गावाचे आकडे पूर्वेकडे सुमारे ३ लाख २० हजार मीटर आणि उत्तरेकडे १८ लाख ८० हजार मीटर येतात.

मग भावाने मशिदीचा कोपरा आणि विहीर यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून टिपून पाठवले. त्यांनाही मी ४३ उत्तर हेच नाव दिलं. दोन्ही ठिकाणं समुद्रात एकावर एक जाऊन बसली. ७३ अंश आणि १७ अंश यांचे मी ७३ मीटर आणि १७ मीटर करून टाकले होते.

चूक उमगली ती एका जुन्या कबरीच्या दगडामुळे. नोंदीसाठी भावाने काढलेल्या फोटोत दगडावर १३४० हा आकडा होता. माझ्या मुलाने विचारलं, "अम्मी, ही कबर इतकी जुनी?" मी म्हटलं, "अरे, हा हिजरी सन. इसवी सन काढलास तर १९२१-२२ येईल." बोलता बोलता मीच थांबले. त्या १३४० पुढे कुणी 'इसवी' लिहिलं, तर सन बदलत नाही, फक्त खोटा होतो. सन बदलायचा तर हिशेब करावा लागतो. मी आकड्यांपुढे नुसतं नाव लिहीत होते, हिशेब करीतच नव्हते.

अंशांतल्या आकड्यांना आधी त्यांचं खरं नाव, डब्ल्यूजीएस ८४, द्यायचं. मग त्यांचं ४३ उत्तरमध्ये रूपांतर करायचं. भावाच्या नकाशाचं मात्र कुठल्याही नावाने भागणार नव्हतं. तो उचलून जागेवर न्यायला आणि फिरवायला दोन पक्क्या खुणा हव्या होत्या. मोबाइल काही मीटर चुकतो. त्याच्या भरवशावर आखली असती तर भिंत कबरींच्या शेवटच्या रांगेवरून गेली असती. म्हणून भावाने डीजीपीएस यंत्र मागून आणलं, त्याच दोन खुणा पुन्हा मोजल्या आणि माप न ताणता नकाशा सरकवून फिरवला. तिसऱ्या खुणेवर पडताळा घेतला, तो जुळला. आता त्याची आणि माझी फाइल एकाच पद्धतीत असते आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं : डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर, मीटर.

रात्री मी पुन्हा फाइल उघडली. विहीर विहिरीवर बसली होती. शेजारी काजूच्या झाडाचा गडद हिरवा ठिपका, त्याखाली कबर क्रमांक ५७. भिंतीची रेघ तिच्यापासून दोन मीटर अलीकडून वळत होती.

अम्मीला हाक मारली. चष्मा लावून ती पडद्यासमोर बसली. "इथे?" तिने बोट ठेवून विचारलं. मी मान हलवली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि फातिहा पढायला सुरुवात केली. मीही हात उचलले.