उरलेले किलोमीटर

आमच्या घरात गेल्या वर्षापासून एक आकडा राहायला आला आहे. तो दिसतो मोटारीत, पण चर्चा त्याची जेवताना होते. "किती उरले?" असे धाकट्याने विचारले, तर तो लाडवांविषयी बोलत नसून किलोमीटरांविषयी बोलत आहे, हे आता शेजाऱ्यांनाही ठाऊक झाले आहे.

मोटार विजेची आहे. टाटांची टियागो ईव्ही, 2022 साली प्रथम आली ती. 24 युनिटांच्या बॅटरीची. मास्तराला हप्त्यांवर झेपेल एवढी. एकदा बॅटरी भरली की 315 किलोमीटर, असे तेव्हा जाहीर झाले होते. तो आकडा चाचणीतला. चार माणसे, एसी आणि फराळाचे डबे घेऊन निघाले की आमचा हिशेब दोनशेच्या आसपास बसतो. मला त्यात काही फसवणूक वाटत नाही. परीक्षेतले गुण आणि पुढचा संसार यांचे नाते मी वीस वर्षे पाहत आलो आहे!

तिच्या इतर करामती मुलांना तोंडपाठ आहेत. मी त्या वाटेला गेलो नाही. मला भुरळ घातली ती बोरघाटाने. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाय उचलला की चाकेच मोटर फिरवू लागतात, मोटर वीज करू लागते आणि ती बॅटरीत परत जाते. आकडा चक्क वाढतो! अर्थात येताना चढावर घाट आपले देणे व्याजासकट वसूल करतो.

घाट उतरून आम्ही जातो ते पेणला. तिथे आई एकटी असते. पुण्याला ये म्हटले की तिला परसातली जास्वंद आठवते. पूर्वी मी एस. टी.ने सकाळी जाई आणि संध्याकाळी परते. घड्याळ हातात, पिशवी दारात. आता तसे जमत नाही. वाटेत जलद चार्जिंगची सोय असते, तासाभरात बॅटरी बरीचशी भरते. पण आईच्या घरी आहे ते पंपासाठी बसवलेले 15 अँपिअरचे सॉकेट. त्यावर रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. म्हणजे मुक्काम आलाच.

पहिल्या रात्री आईने वायरीकडे बराच वेळ पाहिले. "गाईसारखीच की! रात्रभर रवंथ करते," म्हणाली. मग अंगणात खाट पडली, आणि वडिलांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची हकीकत मी प्रथमच ऐकली. चाळीशी उलटल्यावर!

मागच्या खेपेस पहाटे पाहतो तो आकडा होता तिथेच. सॉकेटचे बटण बंद. झोपण्यापूर्वी घरातली सारी बटणे बंद करायची आईची जुनी सवय आहे, हे खरे. पण पंपाचे बटण ती कधी बंद करीत नाही.

"भरली नाही का रे?" तिने चुलीपाशून विचारले.

"नाही."

"मग जेवूनच निघा. वालाचे बिरडे भिजत घातले आहे कालपासून."