आधी अभ्यास, मग रोड रॅश

कॉम्प्युटर आमच्या घरात यायच्या आधी त्याच्याविषयीची मतं येऊन बसली होती. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं मत, पुढं सगळं याच्यावरच होणार. आजीचं मत, डोळे जातात. काका बँकेत होते. हे यंत्र माणसांच्या नोकऱ्या खाणार, असं ते जेवताना सांगायचे आणि हात धुवून झाला की स्वतःच्या मुलासाठी टॅलीच्या क्लासची फी विचारायचे. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "घ्या, पण त्यातले गेम तेवढे काढून घ्या." गेम म्हणजे गव्हातले खडे, सुपात घेऊन निवडले की संपलं, असा त्यांचा समज असावा.

आमचं घर नांदेडला, आत्याचं लातूरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांची अदलाबदल व्हायची, त्यामुळे दोन्ही गावांतली मतं आमच्या कानावर सारखीच आली. दोन्हीकडे एक गोष्ट पक्की होती. स्क्रीनपुढं बसायचं तर "अभ्यासासाठी" असं सांगता आलं पाहिजे. १९९० नंतर शाळेत गेलेल्या आमच्या पिढीनं हे सर्वांत आधी शिकून घेतलं.

त्याआधीची दोन ठिकाणं मात्र अभ्यासाच्या नावावर खपण्यासारखी नव्हती. एक, बसस्टँडच्या मागचं व्हिडिओ गेम पार्लर. तिथं सगळ्यांत जास्त गर्दी 'मुस्तफा'च्या मशीनपुढं. हा खरं तर कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा गेम. नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यातल्या चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पळायला वेगवान, म्हणून अख्ख्या गेमला मुस्तफा म्हणायचं. रुपया टाकला की एक जीव. खेळणारे दोन आणि मागून ओरडणारे सात-आठ, तेही नांदेडच्या खास दखनीत: "अबे कायकू रुका? मार ना!" वर्गात एकमेकांशी कधी न बोललेली पोरं तिथं एकमेकांचे जीव वाचवायची. पार्लरमध्ये दिसलास तर तंगडी मोडीन, हे मत दोन्ही घरांत एकमुखानं मंजूर होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असे. खरे गेम पाच-सहाच, बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावांनी. चालला नाही की कॅसेट काढून फुंकायची. कॉन्ट्रा आणि मारिओ खेळताना आत्या स्वयंपाकघरातून विचारायची, "मेला का तो? मग बंद करा आता, बातम्या लागतील."

कॉम्प्युटर आला तो २००१ च्या सुमारास. पस्तीस-चाळीस हजार म्हणजे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे कैक पगार. आमच्याकडे शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज निघालं, आत्याकडे सोयाबीनची पट्टी आली तेव्हा. असेंबल्ड घ्यायचा हे ठरलेलंच होतं, कारण ब्रँडेड घेणारा आमच्या ओळखीत कुणीच नव्हता. नांदेडच्या दुकानदाराचा माल सिकंदराबादच्या पार्क लेनमधल्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून यायचा. लातूरचा दुकानदार पुण्याकडं बघायचा. जोडून द्यायला आलेल्या पोरानं कुणी न सांगता डी ड्राइव्हमध्ये 'न्यू फोल्डर' करून रोड रॅश, डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया टाकून दिले. अण्णांनी हळदकुंकू लावून, नारळ फोडून यंत्र चालू केलं आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला: आधी अभ्यास, मग खेळ. त्या यंत्रावर अभ्यास नक्की काय करायचा, हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही एमएस पेंटमध्ये तिरंगा काढायचो आणि वर्डमध्ये स्वतःचं नाव रंगीबेरंगी करून दाखवायचो. पाहुण्यांसमोर तेवढं पुरे व्हायचं.

यंत्र बैठकीत ठेवलेलं. मॉनिटरला एक कव्हर, सीपीयूला एक, कीबोर्डला एक, आणि वर आजीनं विणलेला रुमाल. चपला बाहेर. वायरस धुळीतून येतो असं मानणारी माणसं आमच्या गल्लीत बरीच होती. बैठकीत असल्यामुळं त्याच्यावर कुणाचाच खासगी हक्क नव्हता. एकानं रोड रॅशची गाडी चालवायची, दुसऱ्यानं लाथ मारायची की हाणायचं ते सांगायचं, तिसऱ्यानं पोलीस आला का बघायचं, चौथ्यानं खऱ्या दारात अण्णा आले का ते बघायचं. मेला की नंबर बदलला. पुढं जीटीए व्हाइस सिटी आला तेव्हा चीट कोड भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर असायचे. 'पँझर' टाइप केलं की आभाळातून पडल्यागत रणगाडा समोर उभा! त्या वहीचं ते पान उसनं मागायला पलीकडच्या गल्लीतली पोरं यायची. आमच्या गेमिंगचा मोठा भाग खेळण्याचा नव्हताच, बघण्याचा आणि सल्ले देण्याचा होता.

ताईचा नंबर लागायचा सर्वांत शेवटी. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मुलींनी कॉम्प्युटर शिकावा याबद्दल दोन्ही घरांत दुमत नव्हतं. लातूरच्या शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलींची उदाहरणं आत्या कौतुकानं द्यायची. पण मुलीनं नेट कॅफेत जावं याला दोन्ही घरांतून साफ नकार. म्हणजे प्रमाणपत्र पाहिजे, पण इंटरनेट नको. घरात सर्वांत वेगानं टायपिंग येणारी ताई, आणि तिचा पहिला ईमेल आयडी उघडला तो भावानं, पासवर्डही त्यालाच माहीत.

आता अण्णांची गोष्ट, कारण आमच्या घरातली मतं खऱ्या अर्थानं फिरली ती तिथून. २००१ ला महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएससीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. दोनेक वर्षांत गावोगाव त्याच्या क्लासच्या पाट्या लागल्या. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत त्याची अट आली; शिक्षकांनाही ठरलेल्या मुदतीत पास व्हा, नाहीतर वेतनवाढ थांबेल, असं कळवण्यात आलं. पंचवीस-तीस वर्षं खडू धरलेल्या अण्णांच्या हातात माउस आला. बाण पोचायच्या आधीच टेबलाची कडा आली की ते माउस टेबलाच्या खाली, मांडीपर्यंत ओढत न्यायचे. मी म्हणायचो, "उचलून मधे ठेवा की." ते म्हणायचे, "उचलला तर बंद नाही का पडणार?"

डबल क्लिक त्यांना काही केल्या जमेना. शेवटी क्लासच्या मॅडमनी उपाय सांगितला: सॉलिटेअर खेळा. पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा, हात बसतो. विंडोजमध्ये १९९० पासून हा खेळ होता आणि लोकांचा माउसवर हात बसवायला त्याचा उपयोग झाला, हे मला फार पुढं कळलं. आमच्या घरात तोवर पत्त्यांना बंदी. आजोबांच्या वेळच्या जुगाराची काहीतरी जुनी जखम होती, तिचं नाव कुणी काढायचं नाही. अशा घरात रोज रात्री जेवणं झाल्यावर अण्णा बैठकीत बसून लाल तिर्रीवर काळी दुर्री लावू लागले. आजी दारातून बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "पत्ते खेळायलास का रे?" अण्णा मान न वळवता म्हणाले, "सराव करायलोय." अण्णा परीक्षा पास झाले, तंत्रशिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लागलं, वेतनवाढ वाचली. सराव मात्र निवृत्तीनंतरही चालू राहिला.

इंटरनेट देशात सर्वांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. आमच्यापर्यंत ते आलं नेट कॅफेतून. नांदेडला शिवाजीनगर, श्रीनगर, आयटीआयच्या बाजूला. लातूरला औसा रोड आणि ट्यूशन एरियात. लाकडी फळ्यांच्या खोल्या, खोलीला पडदा, तासाचा दर लिहिलेला पुठ्ठा. कॅफेविषयी घरोघरी वाईट मत होतं ते त्या पडद्यामुळं. वर्षातून एक दिवस मात्र तिथं अण्णांसारखी माणसं स्वतः रांगेत उभी राहायची: बारावीच्या निकालाचा दिवस. लातूर पॅटर्नच्या मुलखात त्या दिवसाला सणाइतकंच महत्त्व. चिठ्ठीवर पोरांचे नंबर लिहून आणायचे, साइट उघडायची नाही, कॅफेवाला पुन्हा पुन्हा एफ फाइव्ह दाबायचा आणि मागं निम्मी गल्ली श्वास धरून उभी. शेवटी प्रिंट निघाली की तिचे दहा रुपये द्यायला कुणी कुरकूर केली नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेचे नियम केले. फळी साडेचार फुटांहून उंच नको, ओळखपत्र घ्या, नोंदी वर्षभर जपा. तोवर आमच्या कॅफेवाल्यांनी पडदे काढून झेरॉक्स आणि लॅमिनेशनची मशिनं लावली होती. आज त्याच गाळ्यांत पीकविम्याचे आणि सीईटीचे अर्ज भरले जातात.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं डेटावन ब्रॉडबँड आणलं. दिवसा मोजून डेटा, पण त्यातल्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा. वेग २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. सहा तास अखंड चाललं तर ६९० एमबी, जेमतेम एक सीडी. हा हिशेब आमच्या पिढीतल्या ढ पोरालाही तोंडपाठ होता.

याच काळातली आत्याच्या घरातली रात्र मला अजून जशीच्या तशी दिसते. लातूरला नळाला पाणी कधी आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी, आणि तेही अवेळी. पाण्याची पाळी असली की आत्या अडीचला उठून मोटर लावायची, हौद, टाक्या, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा भरायची. तिच्या मुलानं, दादानं, दोनचा गजर लावून फ्लॅशगेटमध्ये डाउनलोड लावलेलं असायचं. क्रिकेट ०७ मध्ये भारताच्या संघाचा परवाना नसल्यामुळं आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून दिलेली. ती दुरुस्त करणारी फाइल त्याला हवी होती. आत्या पाइप धरून अंगणात, दादा मोडेमचे हिरवे दिवे बघत बैठकीत. मध्येच ती विचारायची, "किती झालं रे तुझं?" तो म्हणायचा, "चाळीस टक्के. तुझं?" "हौद अर्धा."

आणि एवढ्यात लाइट जायची. मोटर बंद, मोडेम बंद, यूपीएस अंधारात टीं टीं करत ओरडायला लागलेला. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण त्यावर भरवसा ठेवणारा नवखाच. दोघंही कुणाला तरी एकाच दमात शिव्या घालायचे. दिवसभर "त्या डबड्यापायी झोपेचं खोबरं" म्हणणारी आत्या त्या घटकेला दादाच्या बाजूनं असायची. नळ आणि नेट दोन्ही वाट बघायला लावणारे, म्हणून त्या दोघांचं पटायचं असं मला वाटतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं. एकाच सालात घागरभर पाण्याला रांग आणि नेट फुकट! त्यानंतर बैठकीतला कॉम्प्युटर कुणी उघडेना. प्रत्येकाचा मोबाइल, प्रत्येकाचा हेडफोन. भाचा पबजी खेळायचा तेव्हा त्याचे साथीदार कुठल्या कुठल्या गावांत बसलेले असायचे. शेजारी बसलेल्या मला मात्र काय चाललंय ते कळायचं नाही, सल्ला द्यायची तर सोयच नाही. सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही आणि अण्णांनी पेढे आणले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हाही अण्णा म्हणाले, "बरं झालं." मोबाइलवर ते अजून सॉलिटेअर लावतात. तो सराव.

आता लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगरात नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या खिशात साधा बटणांचा फोन दिसतो. स्मार्टफोन आई-बाप काढून घेतात, अभ्यासासाठी. ज्या कारणानं आमच्या घरात स्क्रीन आली, नेमक्या त्याच कारणानं ती आता बाहेर ठेवली जाते. मला विचाराल तर स्क्रीन बैठकीत होती तेव्हाची भांडणं बरी होती. सगळ्यांना दिसत होतं, म्हणून सगळ्यांना बोलता येत होतं. बंद खोलीतल्या मोबाइलबद्दल नुसता संशय घेता येतो.

आमचा तो पांढरट सीपीयू परवा माळ्यावरून उतरवला. भंगारवाला तीनशे म्हणाला. देण्याआधी हार्डडिस्क काढली आणि आयडीईचा कन्व्हर्टर आणून लॅपटॉपला जोडली. ताईच्या लग्नाचे फोटो निघाले, आजीचा एक निघाला, आणि अण्णांनी श्रीलिपीत टाइप केलेली शाळेची पत्रंही. फॉन्ट नसल्यामुळं ती आज नुसती चिन्हं दिसतात. तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल तर भंगारात घालू नका लगेच. चार स्क्रू काढायला पाच मिनिटं लागतात आणि कन्व्हर्टर कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. जुन्या डिस्का फार वर्षं तग धरत नाहीत, तेव्हा हे काम दिवाळीच्या साफसफाईवर ढकलू नका.